आगाऊ सून आणि घाटातली जीप

मागच्या रविवारी दुपारी मी आणि माझी सून गौरी मोखाड्याहून जव्हारला परत येत होतो. नणंदेच्या नातवाचं बारसं आटोपून निघायला उशीर झाला, एसटी चुकली... म्हणून जीपमध्ये बसलो.

जीप नेहमीसारखी गच्च भरलेली. मधल्या सीटवर आम्ही दोघी आणि एक धिप्पाड काका. मागे कर्टुल्यांच्या, म्हणजे त्या रानभाजीच्या, पिशव्या घेतलेल्या सूर्यमाळ गावच्या दोन आज्या, आणि मांडीवर तान्हं बाळ घेतलेली एक बाई. बाहेर बारीक पाऊस. धुकं इतकं, की समोरच्या गाडीचा लाइट अगदी अंगावर आल्यावरच दिसत होता.

घाट सुरू झाला आणि ड्रायव्हरला फोन आला. वाटलं, दोन शब्द बोलून ठेवेल. कसलं काय... एक हात स्टिअरिंगवर, एक कानाला. गिअर बदलायचा झाला की फोन मान आणि खांद्यामध्ये दाबून धरायचा.

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत बसले.

गौरी बोलली. "दादा, फोन ठेवा ना जरा. धुकं किती आहे."

त्याने आरशातून बघितलं आणि बोलणं चालू ठेवलं. थोड्या वेळाने ती परत म्हणाली, "गाडी बाजूला घ्या, निवांत बोला, मग जाऊ." तो हसला. "मॅडम, रोजचा रस्ता आहे माझा. झोपेत पण चालवीन."

मी तिचा हात दाबला... गप्प बस, अशा अर्थाने.

गौरी आमच्या घरात आली ती दिवाळीनंतर. मनात येईल ते बोलून मोकळी होते. तेव्हापासून नातेवाइकांकडून काय काय ऐकलंय... फटकळ आहे, हट्टी आहे, उलट उत्तर देते. त्या दिवशी बारशातही एकीने विचारलंच, "सून जरा डोक्यावर बसलीये का गं?" मी हसून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर, मलाही अधूनमधून तसंच वाटायचं.

आता जीपमध्येही सुरू झालं. काका म्हणाले, "आजकालच्या पोरी शेफारल्यात नुसत्या." पुढच्या सीटवरून कोणीतरी "आगाऊ" म्हणालं. बाळाची आई मात्र हळूच म्हणाली, "ताई, नका ना बोलू. चिडला तर अजून जोरात हाकेल." माझ्या मनात अगदी हेच होतं.

तेवढ्यात वळणावर धुक्यातून एकदम ट्रक बाहेर आला. जीप डावीकडे खेचली गेली, चाकं खडीवर घसरली आणि कशीबशी परत रस्त्यावर आली. बाळ किंचाळून रडायला लागलं. फोन अजून कानालाच!

"थांबवा. मला उतरायचंय." गौरी जवळजवळ ओरडलीच.

त्याने करकचून ब्रेक मारला. "उतरा! एवढा माज आहे तर चालत जा."

ती खरंच उतरली. क्षणभर मी तशीच बसून राहिले. काका म्हणाले, "मावशी, तुम्ही बसा. जिरू दे तिची." काय वाटलं कोण जाणे... मी पण उतरले. जीप निघून गेली.

भर घाटात आम्ही दोघीच. आमच्या मोबाइलला तिथे रेंज नाही, ड्रायव्हरचं कार्ड वेगळ्या कंपनीचं असावं. दोन्ही बाजूंना झाडी, कुठेतरी ओहोळाचा आवाज, आणि कुठून गाडी येईल ते दिसायची सोय नाही. घरी मुलाला काय सांगू, संध्याकाळ झाली तर काय करू... डोकं नुसतं भणभणत होतं.

तिला फाडफाड बोलायचं मी ठरवलं होतं. उद्धट, उर्मट, अविचारी... सगळे शब्द ओठांवर तयार होते. डोंगराच्या बाजूला ओढायला म्हणून तिचा हात धरला, तर तो बर्फासारखा गार.

"आई, मला फार भीती वाटली हो," ती म्हणाली. "तुम्ही उतरला नसता तर मी काय केलं असतं?"

मोबाइलचा टॉर्च लावून, कडेकडेने आम्ही चालत राहिलो. हात सोडला नाही.

थोड्या वेळाने समोरून हॉर्न ऐकू आला. धुक्यातून गाडी पुढे आली... तीच जीप! वाटलं, भांडायलाच परत आला. गौरीला मागे घेतलं.

ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलंही नाही. "बसा," एवढंच म्हणाला. त्याचा फोन मागे बसलेल्या बाळाच्या आईच्या हातात होता.

तिनेच सांगितलं. आम्ही उतरल्यावरही याचं बोलणं चालूच. तेव्हा तिच्या संयमाचा बांध फुटला. ती त्याला म्हणाली, "त्यांना उतरता आलं, त्या उतरल्या. मी हे लेकरू घेऊन पावसात कुठे उतरू? आधी फोन दे इकडे, आणि त्यांना घेऊन ये." दोन्ही आज्यांनी पिशव्या उचलल्या, "नायतर आमी पण उतरतो." मग त्याने गाडी वळवली.

जव्हार येईपर्यंत काका खिडकीबाहेर बघत होते. स्टँडवर उतरल्यावर एका आजीने ओंजळभर कर्टुली गौरीच्या ओढणीत टाकली. "बरा केलास बाय," म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून एकच विचार मनात घोळतोय. आपण ज्याला उद्धटपणा म्हणतो, तो करणारं माणूस आतून किती घाबरलेलं असतं, हे मला कधी माहीतच नव्हतं. मला वाटायचं, अशा लोकांना भीती नसतेच. गौरीलाही भीती माझ्याइतकीच होती... फक्त मी देवाचं नाव घेत होते आणि ती बोलत होती.

गौरी, हे तुला समोर बसवून सांगायला मला अजून जमलेलं नाही. म्हणून इथे लिहिते... थँक यू गं. तुझ्यामुळे सुखरूप घरी आलो.