टायरनानांचा घेर

समस्त खान्देशवासीयांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की पृथ्वी गोल आहे, सूर्य पूर्वेला उगवतो, आणि शर्यतीच्या गाडीची चारही चाके एकाच मापाची असतील तर ती गाडी नालायक आहे. पहिली दोन सत्ये शाळेत कळतात. तिसरे कळायला जळगावात, मेहरूणच्या रस्त्यावर, टायरनानांच्या दुकानात उकिडवे बसावे लागे.

दुकानात नानांच्या गळ्यात शिंप्याची टेप असे. पिवळी, रबराने काळवंडलेली, टोकाला लाल दोऱ्याची गाठ. नवऱ्या मुलाच्या कोटाचे माप घ्यावे तसे नाना टायरला कवेत घेत आणि म्हणत, "बठ्ठा खेळ घेरामा शे," म्हणजे सगळा खेळ घेरात आहे. मागच्या घरात त्यांच्या पत्नी, अक्का, ब्लाउज शिवत. रबराच्या वासाने डोके उठते म्हणून त्या दुकानात पाऊल ठेवत नसत. त्यांची टेप मात्र अधूनमधून नाहीशी होई. मग "मनी टेप कोठे गई?" असे त्या आतून ओरडत. उंदीर नेतात, असे नाना सांगत, आणि उंदरांच्या चारित्र्यावर चार शब्दही ऐकवत.

कापसाचे शेत रिकामे झाले की आमच्याकडचे गॅरेजवाले मातीत लांबट गोल आखून जुन्या मोटारींची शर्यत लावतात. नानांची गाडी त्यांची लेक सुरेखा चालवी. एरवी ती शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते, त्यामुळे कशालाच घाबरत नाही. माइकवर बोलायला मी. म्हणून नाना मला भोंग्या म्हणत.

शर्यतीत वळण नेहमी डावीकडे. उजवी चाके बाहेरच्या अंगाला, त्यांना पल्ला जास्त. म्हणून त्यांचा घेर मोठा हवा. कोणाला हे पटले नाही तर नाना निमुळता पेला फरशीवर आडवा लोटत. पेला आपोआप गोल वळे. "याले कोनी शिकाडं?" असे विचारून ते पेला भरून पाणी पीत.

टायर तयार करणे म्हणजे नानांच्या लेखी लग्नघर. आधी तारेच्या ब्रशने घासून नव्या रबराची चकाकी उतरवायची, कारण चकचकीत टायर मातीला धरत नाही. मग बाहेरच्या जोडीत हवा ठासून भरून ती उन्हात ताणायची आणि नंतर हवा उतरवायची. "पहिले पोटभर जेवू घाल, मंग उपास." शर्यतीच्या दिवशी मात्र ओली गोणपाटे पांघरून सावली. गॅरेजवाले विचारत, "नाना, टायरले झबलं शिवतस का?" नाना उत्तर देत नसत, कारण दरवर्षी त्यांचा नंबर दुसरा येई.

यंदाची शर्यत त्यांची शेवटची होती. दुकान बंद करून नाना-अक्का मुलाकडे सुरतला चालले होते. अक्कांचे शिलाई मशीनसुद्धा बांधून झाले होते. नाना मला म्हणाले, "भोंग्या, एकदा पहिला नंबर पाहू दे. मंग सुरतले काय, लंकेले बी जाईन."

यंदा शेत धरणगावच्या शिवारातले, आणि गोलाच्या बरोबर मध्ये निंबाखाली शेंदूर लावलेला मारुती. गाड्या रांगेत लागल्या, तेव्हा शेतमालक आबांच्या ध्यानात आले.

"मारुतीले उलटा फेरा कोन मारस रे?"

झाले. प्रदक्षिणा देव उजव्या हाताला ठेवूनच, म्हणजे शर्यतही उलटी फिरली. बाकीच्यांच्या गाड्यांना काही फरक नव्हता, त्यांची चारही चाके सारखी. नानांची मोठी चाके मात्र आता आतल्या अंगाला आली होती. नानांनी मला माइककडे बोट दाखवले. मग खाली बसून त्यांनी पाना उचलला.

मी माइक उचलला. आबांचे आभार मानले. मांडववाल्याचे, आबांच्या बैलांचे, निंबाच्या झाडाचे मानले. शर्यतीआधी फोडायच्या नारळाचा इतिहास सांगितला. लोक ओरडू लागले, तेव्हा मारुतीस्तोत्र म्हणायला घेतले, मग सगळ्यांना हात जोडून उभे राहावेच लागले. तिकडे बाप-लेकीने जॅक लावून उजवी चाके डावीकडे आणि डावी उजवीकडे केली होती.

शेवटच्या फेरीला सुरेखा दुसरीच होती. नेहमीसारखीच. शेवटच्या वळणावर पुढची गाडी घसरत बाहेर गेली आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरली. सुरेखाची गाडी त्या पेल्यासारखी वळली आणि पहिली आली.

नाना नाचले नाहीत. ते गाडीजवळ गेले, बाहेरच्या तापलेल्या चाकाला मिठी मारली, खिशातून टेप काढून घेर मोजला आणि मान डोलावली. मग ती टेप माझ्या गळ्यात घातली.

"भोंग्या, आता घेर तू सांभाळ."

मी वाकून नानांच्या पाया पडलो. हातातला माइक चालूच होता. इतक्यात, जन्मात पहिल्यांदाच शर्यत बघायला आलेल्या अक्का बायकांच्या रांगेतून उठून डोळे पुसत आमच्याजवळ आल्या. मला वाटले, आशीर्वाद देतील. त्यांनी टेपचे टोक चिमटीत धरले, लाल दोऱ्याची गाठ उलटसुलट पाहिली, आणि दोन्ही कर्ण्यांतून त्यांचा आवाज पार गावापर्यंत गेला:

"ओ, ही ते मनी टेप शे!"