वर पन्नास ग्रॅम

मला सरकारी नोकरी मिळाली नाही, याला आमच्या आळीतलं दही जबाबदार आहे.

मी भाजे गावचा. कबड्डी, कुस्ती, पळणं, सगळं खेळलो. जत्रेत दगडी गोटा खांद्यावर घेण्यात तर मावळात माझा हात धरणारा कुणी नव्हता. पण खेळाडूंच्या राखीव जागांच्या यादीत गोटा नाही (जत्रेतल्या देवाने भरती काढली असती तर मी साहेब असतो!). त्यासाठी कुस्तीचं राज्य पातळीचं प्रमाणपत्र लागतं, आणि वयाची अट बघता माझं ते शेवटचं वर्ष होतं.

राज्य स्पर्धेसाठीची निवड लोणावळ्यात, चौऱ्याहत्तर किलो गटात. तीन दिवस पाणीसुद्धा मोजून प्यायलो. सकाळी गिरणीतल्या काट्यावर बरोबर चौऱ्याहत्तर भरलो. निघताना आईने हातावर दही-साखर ठेवली. नाही म्हटलं तर अपशकुन! मग चुलतीने वाटीच पुढे केली. तिची माया आईपेक्षा कमी दिसायला नको होती. तिचं बघून आळीतली आणखी पाच घरं सरसावली. मी सगळं चाटूनपुसून खाल्लं. उपाशी माणसाची श्रद्धा फार वाढलेली असते.

लोणावळ्यात चड्डीवर काट्यावर चढलो, तर अडीचशे ग्रॅम जास्त. पंचांनी अर्धा तास दिला. दोन स्वेटर घालून उन्हात पळालो, तोंड सुकेपर्यंत थुंकलो. तरी शंभर उरलेच. शेवटी समोरच्या सलूनमध्ये जाऊन डोक्यावरून वस्तरा फिरवून घेतला. पुन्हा चढलो. पन्नास ग्रॅम जास्त! (डोक्याच्या आतलं वेगळं मोजलं नाही, हे नशीब.) पंचांनी नाव खोडलं.

आईचा राग आला, चुलतीचा आला. खरं म्हणजे एवढे गोटे उचलणाऱ्या मला 'नको' हा एक शब्द उचलवला नाही.

मळवली स्टेशनला उतरून आळीत शिरलो. माझं तुळतुळीत डोकं बघून बायका पदर डोळ्याला लावत आमच्या दारात जमल्या. शेजारच्या मावशीने तर गळाच काढला, "आबा गेलं व्हय रं?"

वडील चहाची बशी घेऊनच बाहेर आले. माझ्या खुराकासाठी त्यांनी बारा वर्षं म्हैस सांभाळली होती. माझ्या डोक्याकडे बघत त्यांनी बशीतला चहा संपवला.

"मी हाय, वैनी," ते म्हणाले. "ह्याची नोकरी गेली."

तरी बायका माझ्या नावाने रडून घेऊनच उठल्या. मयताने आपलं मुंडण आपणच करून, चालत घरी यायची आमच्या आळीतली ती पहिलीच वेळ.