बिनमाऊसचे सर

आमच्या सरांच्या क्लासात तीन कॉम्प्युटर होते आणि तिन्हींचे माऊस लोखंडी कपाटात कुलूपबंद होते. कपाटाची किल्ली सरांच्या शर्टाच्या आतल्या खिशात असायची. क्लास सुरू होऊन दोन वर्षं झाली तरी ती बाहेर आलेली कुणी पाहिली नव्हती. आमच्या सावली गावच्या बाजारात कुणी "कॉम्प्युटरचा क्लास कुठी हाय?" असं विचारलं, तर पानठेलेवाला उलट विचारी, "बिनमाऊसच्या सरचा का?" जणू गावात दुसरा क्लास होताच!

क्लास होता राइस मिलला लागून. खोली शेठची, मशिनी शेठच्या, पंखाही शेठचा. सर फक्त शिकवायला. मिल सुरू झाली की धानाचा कोंडा फटीफटीतून आत येई. सरांचं म्हणणं असं, की माऊसच्या पोटातल्या गोळीला कोंडा चिकटतो, गोळी अडते आणि पोरगं दिवसभर माऊस आपटत बसतं. हे ऐकायला पटण्यासारखं होतं. पण सरांचा खरा राग माऊसच्या स्वभावावरच होता. "पंगतीत बसल्यावर वाढणाऱ्याले बोट दाखवत बसता का रे? नाव घेऊन मांगता ना? मंग कंट्रोल पी म्हणा, प्रिंट मांगा. कंट्रोल एस म्हणा. बोट दाखवत फिरू नका पडद्यावर."

मी मांगायला शिकलो, पण जरा जास्तच. पहिल्या आठवड्यात सरांनी खिडकी बंद करायला आल्ट आणि एफ-फोर शिकवलं. एका खिडकीनं माझं समाधान होईना. मी एकामागून एक बंद करत सुटलो, आणि शेवटी मशीनच विचारू लागली, बंद होऊ का? मी म्हटलं, हो. पडदा काळा झाला. मला वाटलं, तीन मशिनींपैकी एक आपण मारली. मी सरळ चप्पल घालून घरी गेलो आणि दोन दिवस तापाचं सोंग करून झोपलो. तिसऱ्या दिवशी सरांनी निरोप धाडला, "दिवाकरले सांगा, ते मशीन जित्ती हाय. त्यानं बी उठावं."

सरांचा एक नियम सगळ्यात जाचक होता. पडद्यावर जे येईल ते मोठ्यानं वाचायचं. नुसतं डोळ्यांनी पाहून चालायचं नाही. आमचं इंग्रजी बारावीत कसंबसं पार पडलेलं. त्यात मशीनच्या सूचनांचे चौकोनी डबे पडद्यावर उगवायचे, तेही एक एक अक्षर वाचून दाखवावे लागत. सर बाजूला मान खाली घालून उभे राहत, आणि आम्ही पाढे म्हटल्यासारखे ओरडत असू. मिलच्या आवाजात आमचा आवाज मिसळून बाहेरच्या माणसाला वाटे, आत कुणाला तरी मार पडून राह्यला आहे. एकदा मी कंटाळून विचारलं, "सर, मनातल्या मनात वाचलं तं नाई चालत का?" सर म्हणाले, "मनातलं तुले आयकू येते. मले नाई येत."

स्वतः सर टाइप करत तेव्हा बघत राहावं. आधी बरीच वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घालवलेला माणूस. नजर समोर भिंतीवर आणि बोटं मात्र पाऊस पडावा तशी. दर ओळीला कंट्रोल एस, कारण लाइटचा भरवसा नाही. ठळक करणं, मधोमध आणणं, मागचं पुसणं, सगळं बोटांच्या टोकावर. एकेक मजकूर उचलून दुसरीकडे असा ठेवत, जसं बाई परडीतून धानाचं रोप काढून चिखलाच्या बांधीत लावते. हात कधी कीबोर्डवरून उठायचा नाही. म्हणत, "हात उठला का ध्यान उठलं."

अशा माणसाची फजिती करावी, असं एका दिवशी माझ्या डोक्यात आलं. सर आम्हाला अर्ज कसा सजवायचा ते दाखवत होते. मी मागून हळूच हात घातला आणि मॉनिटरचं बटन बंद केलं. पडदा काळाठिक्कर. आता सर ओरडतील, म्हणून मी ओठ दाबून उभा राहिलो. सर थांबले नाहीत. पूर्ण अर्ज टाइप केला, मथळा मधोमध आणला, त्याला खालून रेघ मारली, सेव्ह केलं आणि त्या काळ्या पडद्याकडे हात करून आम्हाला म्हणाले, "पाहा बरं, कसं सुंदर दिसून राह्यलं."

सगळा वर्ग हसला. सरांनी माझी खोडी माझ्यावरच उलटवली, असं सगळ्यांना वाटलं. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. सरही हसले, पण थोडे उशिरा, वर्ग हसतोय म्हणून.

ते उशिरा हसणं घरी जाताना माझ्या डोक्यातून जाईना. मग एक एक गोष्ट आठवू लागली. सर सायकल घेऊन येत, पण तिच्यावर बसलेले कधी दिसले नव्हते. हातात धरून, चालत येत. टायर वाचवतात म्हणून आम्ही त्यांना चिकट समजायचो. खरं तर ती सायकल पुढचा खड्डा सांगायला होती. पडद्यावरचं मोठ्यानं वाचून घेणं. कपाटातले माऊस. बाण दिसतच नसेल तर माऊस हलवून करायचं काय? माझ्यासारख्या हुशार माणसाला हे कळायला दोन वर्षं आणि एक बटन लागलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्ग भरायच्या आधी गेलो. सर एकटेच होते. मी विचारलं, "सर, तुमाले दिसत नाई का?"

सर म्हणाले, "उन्हाचा उजेड दिसते. त्यात उभा माणूस दिसते, पण कोणता ते नाई. नागपूरचा डाक्टर म्हणते, नस सुकली. कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाई."

"शेठले मालूम झालं तं उद्या दुसरा मास्तर आणन. त्याचं बी बराबर हाय. आंधळ्याजवळ कोण शिकाले पाठवन लेकरू? मले दुसरं काई येत नाई, दिवाकर." मग खुर्ची चाचपून बाजूला सरकवली. "मंग बस इथी."

त्या दिवसापासून मी सरांच्या बाजूला बसू लागलो. वर्गात मला आपोआप मान मिळू लागला. सर टाइप करत, मी पडदा वाचे, हळू आवाजात. सुरुवातीला अगदी इमानदारीनं, टिंबासकट वाचत होतो. मग हळूहळू मला वाटू लागलं की मला सगळं समजतं. मग मी वाचणं कमी केलं आणि सांगणं वाढवलं. "काई नाई सर, नेहमीचंच हाय." "सर, होय म्हणा." माझ्यामुळेच क्लास चालून राह्यला आहे, असं मला मनातून वाटायला लागलं होतं. डोळे उसने दिले की माणूस स्वतःला मालक समजतो, निदान मी तरी समजलो.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. वर्गाला आठ दिवस सुट्टी होती, कारण पोरं-पोरी बांधीत उतरल्या होत्या. सरकारी परीक्षेसाठी बेचाळीस जणांची माहिती चंद्रपूरला पोचवायची होती, आणि तो शेवटचा दिवस होता. शेठची जीप तीन वाजता निघणार. यादी सुट्टीच्या आधीच तयार झाली होती. एकेका पोराला बाजूला बसवून सरांनी विचारलं होतं, नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, गाव, आणि त्याच्या तोंडून ऐकत टाइप केलं होतं. कागदावर काही नव्हतं. फ्लॉपीवर ठेवायचं होतं, ते राहून गेलं होतं.

सकाळी सर यादीसोबत जोडायचा अर्ज टाइप करत होते. झाल्यावर विचारलं, "काय नाव देऊ याले?"

मी म्हटलं, "फॉर्म द्या ना सर. फॉर्मचाच अर्ज हाय."

यादीचं नावही फॉर्मच होतं, हे मला आठवायला हवं होतं. सरांनी नाव दिलं, एंटर मारलं. टुंग करून आवाज आला आणि डबा उगवला. सरांचं बोट हवेत थांबलं. "काय म्हणते?"

डब्यात दोन ओळी होत्या. मी पहिल्या ओळीतले दोन शब्द वाचले आणि म्हणालो, "नेहमीचाच डब्बा हाय सर. होय म्हणा."

सरांनी 'यस'साठी वाय अक्षराचं बटन दाबलं.

यादी उघडायला गेलो तेव्हा यादीच्या जागी अर्जच उघडला. मी पुन्हा उघडून पाहिलं. पुन्हा अर्जच. डबा विचारत होता, याच नावाची जुनी फाइल पुसू का, आणि मी होय म्हणायला लावलं होतं. सरांनी विचारलं, "काय झालं?" आणि त्याच वेळी शेठ दारात उभे. "मास्तरजी, लिस्ट निकली क्या?"

मी घाबरून खरं तेवढंच सांगितलं. "लिस्ट उडाली."

शेठ आत आले. त्यांचा आवाज मिलवर चालायचा, त्यामुळे तो लहान करणं त्यांना जमत नसे. "उडाली म्हंजे? बेचाळीस पोराईचं साल गेलं? कोणी उडवली?" त्यांची नजर माझ्यावर होती. "या पोट्ट्याले कशाले बसवता मशिनीवर? उद्यापासून दिसलास तं पाह्य मंग!"

मी तोंड उघडलं नाही. खाली बघत राहिलो. सर म्हणाले, "शेठ, बटन मी दाबलं."

"तुमी? समोर लिहून नव्हतं आलं का?"

"आलं होतं. मले दिसलं नाई." सर उभे राहिले. "मले चार सालापासून दिसत नाई, शेठ."

शेठ एकदा सरांकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिले. मग सर खुर्चीवरून बाजूला झाले आणि मला म्हणाले, "बस. मी सांगतो, तू टाइप कर. तीन वाजाले अजून टाइम हाय."

आणि सर सांगू लागले. बेचाळीस नावं, बेचाळीस बाप, गावं, तारखा, ज्या क्रमानं पोरं बाजूला बसली होती त्याच क्रमानं. मध्येच थांबत, मान वाकडी करून ऐकल्यासारखं करत आणि म्हणत, "ही पोरगी सर्दीत होती. ऑगस्ट म्हणली होती ती." तीन तारखा त्यांना आठवल्या नाहीत. शेठ स्वतः लुना काढून दोन गावांना जाऊन चिखलातल्या पोरांकडून त्या घेऊन आले. पावणेतीनला प्रिंट निघाला. जीप वेळेवर गेली.

पण बोललेलं परत घेता येत नाही. आठवड्यात गावभर झालं. दोन-तीन बाप येऊन शेठला विचारून गेले. शेठनं सरांना जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. सरांनी एका सकाळी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि आपल्या गावी, वैनगंगेच्या काठी, निघून गेले. शेठनं त्या खुर्चीवर मला बसवलं. "तुले सगळं येते ना? बस मंग."

मी बसलो. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, आणि पुढे त्या रंगवून चारचौघांत सांगितल्या. या चुकीवर मला नोकरी मिळाली, म्हणून ती कुणाला सांगता येईना. आठ दिवस त्या खुर्चीवर काढले. नवव्या दिवशी शेठच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं बोललो. नाव मी सुचवलं, डबा मी वाचला नाही, होय मीच म्हणायला लावलं.

शेठ मिलच्या मुनिमाकडे बघत म्हणाले, "ऐकलं? आत्ता तोंड फुटलं याले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जाय, घेऊन ये त्याईले. तू वाचत जाय, ते शिकवत जातीन. कोणाचा बाप आला तं मी पाहून घेतो."

मी दुपारच्या बसनं गेलो. माझ्या चेहऱ्यावर काय ऐट असेल! जणू वरात आणायला निघालो होतो. सर ओट्यावर अंबाडीची दोरी वळत बसले होते. सरांच्या बाईंनी चहा ठेवला. मी शेठचा निरोप सांगितला आणि सगळी चूक माझी होती, हेही सांगितलं.

सरांच्या हातातली दोरी थांबली नाही. "चूक तुही नव्हती."

"सर, मी पुरं वाचलं नव्हतं."

"मले मालूम हाय. तसा डब्बा दोन ओळींचा असते, तू एका दमात होय म्हणलास. अन् तो टुंग आवाज, तो नेहमीचा नव्हता. मी आयकला होता. आयकून बी बटन दाबलं. म्हून म्हणलो शेठले, का मी दाबलं. तुले वाचवाले नाई म्हणलो."

मी म्हटलं, "मंग चला ना सर. आता तं लपवाचं बी काई नाई राह्यलं."

"तेच तं," सर म्हणाले. "चार साल दिसल्यासारखा बसलो मी. कोणी आला का पायाच्या आवाजावरून नाव वळखाचं, हसाच्या टायमाले हसाचं. लई थकलो, दिवाकर. आता खुर्ची तुही हाय. तुले येते, आता पुरं वाचशीन बी." मग जरा हसून म्हणाले, "मले इथी बसू दे थोडं."

रस्त्यावरून सायकलवर कुणी जात होतं. त्यानं ओरडून राम राम घातला. सरांनी दोरी मांडीवर ठेवली, तोंड रस्त्याकडे केलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोण हाय रे? मले दिसत नाई बाप्पा, नाव सांग!"

सायकलवाला थांबला. उतरला, नाव सांगितलं, बापाचंही सांगितलं, आणि ओट्यावर सरांच्या बाजूला येऊन बसला. मी त्याच्यासाठी जागा केली आणि बसच्या वाटेला लागलो.