होटगीला सांगायला गेले

"बाई, हा सिफिलिस आहे. आपल्याकडे ह्यालाच गरमी म्हणतात," माझ्या तळहातांवरचे डाग आणि रक्ततपासणीचा कागद पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांच्या टेबलावरची बाटली उचलून भिंतीवर फोडली. त्यांनी काचा गोळा होईपर्यंत वाट पाहिली.

"कुणाकडनं आली?" मी विचारलं.

"ते रक्तावरून कळत नाही. कुणाकडून तुम्हाला आली असेल, तुमच्याकडून कुणाला गेली असेल. ज्याच्याबरोबर राहिलात त्याला सांगा. त्याची बायको गरोदर असेल, तर पोटातल्या जिवालाही धोका आहे."

नवरा वारल्यावर मी सोलापुरात गिरणीत लागले. तिथल्याच शिवप्पाबरोबर दोन वर्षं राहिले. मग मला सोडून त्यानं होटगीला लग्न केलं आणि रेल्वेत लागला. त्याच्या बायकोला, गंगव्वाला, सातव्या महिन्यात मेलेलं मूल झालं. हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता तेच आठवून मी चुलीपुढं बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची.

दर गुरुवारी शिरेत इंजेक्शन असे, सोमलाचं, म्हणजे विषाचंच औषध. पहिल्या खेपेला सुई शिरेबाहेर गेली, हात काळानिळा झाला, उलट्या झाल्या. वाटलं, झाली शिक्षा. पण गंगव्वाला पुन्हा दिवस गेल्याचं ऐकलं आणि रविवारी होटगीला गेले.

दारातच दोघांना रोगाचं सांगितलं. शिवप्पानं दाराला आडवा लावायचा लाकडी अडणा काढला.

"रांडे, माझा संसार मोडाया आलीस व्हय?"

पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. दाढ तुटून तोंड रक्तानं भरलं. मी हात वर केला नाही. तिसऱ्याला गंगव्वा मधे आली.

"सुम्निर्री," ती नवऱ्याला कानडीत म्हणाली. गप्प बसा. मग मला विचारलं, "दवाखाना कुटं हाय?"

गुरुवारी ती एकटी आली. बाकावर रांगेत बसलेल्या बायांदेखत तिनं माझ्या कानाखाली आवाज काढला.

"ही माझ्या गेलेल्या पोराची," ती म्हणाली, आणि माझ्याच शेजारी बसली. दुसरीकडं जागा नव्हती.

तिच्याही रक्तात तेच निघालं. तिसऱ्या आठवड्यात शिवप्पा आला, मान खाली घालून. डॉक्टरीणबाईंनी कुणालाच दोष दिला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली, तर आधी जाऊन सांगा. मार बसेल. दोष माझा होता की त्याचा, मला अजून कळलेलं नाही, आणि ते पोर रोज आठवतं. पण सांगितल्यावर मी स्वतःला मारायची थांबले.

गंगव्वाला मुलगी झाली, रडत जन्मली. बारशाचं मला बोलावणं नव्हतं. त्या दिवशी गिरणीत जेवणाच्या सुट्टीत मी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.