स्वयंपाक झाला की पळणारा वात

ये माय, अशी जवळ बस. हात पदरात लपवू नको. मावशी आहे मी तुझी, सुजलेली बोटं मला नवी न्हाईत. थोडं बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्यास ना? "गरम पडतात" असं जाऊ म्हणाली अन् तू ऐकलंस. शहाणी!

मला हे दुखणं लागलं तेव्हा आम्ही तीर्थपुरीला होतो. नव्वद-ब्याण्णवचं साल असेल, तू रांगत होतीस. सकाळी बोटं अशी आखडायची की पिठाच्या डब्याचं झाकण निघायचं न्हाई, भाकरी थापणं लांबच. दुपार झाली की हात आपले मोकळे. मंग सासूबाई शेजारणीला ऐकवायच्या, "हिचा वात लई हुशार, बाई. स्वयंपाक झाला की बराबर पळतो!" शेजारीण हसायची. मीही हसायचे, काय करणार. दुखण्यानं थकले होते, त्याहून ते पटवून देऊन थकले होते.

तेलं झाली, लेप झाले, वातूळ म्हणून ताटातलं वांगं गेलं. शेवटी यांनी जालन्याला डॉक्टरकडं नेलं. सासूबाई सोबत आल्या, माझं बिंग फोडायला. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सकाळी हिचे हात चालत न्हाईत अन् दुपारी बिलकुल बरे. आता तुम्हीच सांगा, हे दुखणं का नाटक?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "आजी, बरं झालं सांगितलंत. या आजाराची खूणच ती. शरीर आपल्याच सांध्यांशी भांडतं यात."

गोळ्या घेऊन आम्ही एसटीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर सासूबाई भाकरी थापत होत्या अन् चुलीपाशी कोमट पाण्याचं घमेलं. "बघती काय? शेक हात."

आठवड्याला एकदाच घ्यायची गोळी होती, म्हणून बाजाराचा दिवस धरला. पिशवी उचलताना त्या ओरडायच्या, "अगं, तुझा बाजार झाला का?" म्हणजे गोळी घेतली का. गुण यायला महिने गेले, माय. दुखणं अजून आहे. पण हात बघ, झाकण उघडतात.

तेव्हा डॉक्टरला विचारल्याबिगर काही बंद करू नको. अन् त्याच्याकडं जाताना त्या जावेलाच संगं ने. करू दे तिला तुझी तक्रार! मंग दोघी इकडंच या. मला आता तुझ्या भोकरदनपर्यंत एसटीत बसवत न्हाई, तूच जल्दी ये.