कानवाल्यांनी बसवलेलं इंजेक्शन

आमच्या ह्यांना सगळे कानवाले म्हणतात. जुन्या गाडीचे, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारे कार्बोरेटर लावताना हे रबरी नळीचं एक टोक कानात घालायचे, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे आणि आत जाणाऱ्या हवेच्या आवाजावरून स्क्रू पिळायचे. सगळी तोंडं सारखी फुसफुसायला लागली की मान डोलवायचे. गिऱ्हाइकं लांबून यायची. घरात मात्र मला 'येताना मीठ आणा' हे दहादा सांगावं लागायचं. नवरे असेच असतात म्हणून मी सोडून द्यायची.

कसलं काय! डावा कान कधीच गेला होता आणि उजवाही त्याच वाटेला लागला होता. बारीक, चिरके आवाज तर पार बंद. दाराची बेल कोकलते आणि हे शेजारी बसून पेपर वाचतात. मी कितीदा डोकं फोडलं, "अहो, गिऱ्हाइकांना सांगून टाका एकदा." तर म्हणे, "कानवाल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर गाडी कोण आणेल?" यात त्यांचं काही चुकत नव्हतं, हाच तर वैताग.

त्यातच डॉक्टरीण आली. ही दातांची डॉक्टर, फ्रॉकमध्ये होती तेव्हापासूनची ओळख. तिच्या वडिलांची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार पहिल्यापासून ह्यांच्याच हातातली. त्या गाडीवरून दोघांची कायम जुंपायची. ती काहीतरी सुचवायची, हे उडवून लावायचे, चहा गार व्हायचा. आता तिला गाडी शर्यतीत उतरवायची होती. "काका, रागावू नका, पण कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवूया का?"

"बसवूया," हे म्हणाले.

ती बघतच राहिली. मला मात्र कारण कळलं. इंजेक्शनमध्ये इंजिनाला पेट्रोल कॉम्प्युटर मोजून सोडतो, सगळं लॅपटॉपवर आकड्यांत दिसतं, तिथे कान लागत नाही.

त्या कामाने जीव काढला. जुन्या इंजिनावर नवे भाग सुखासुखी बसतात होय? पट्टी कापा, घासा, लावून बघा, परत काढा. ह्यांची पाठ धरली, डोळे लाल झाले. मी डबा घेऊन जायची आणि तिथेच स्टुलावर बसून राहायची. मलाही उठायचा कंटाळा यायचा. एकदाचं इंजिन सुरू झालं, आकडे जागेवर आले, तरी हे हसले नाहीत. मटकन खाली बसले.

मग मला शेजारी बसवून गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत गाडी गोल गोल फिरवली. वळताना मागून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"अहो, मागे काहीतरी किंचाळतंय."

"नवा पंप आहे, बोलणारच."

"तुम्हाला येतंय का ऐकू?"

"तुला गाडीतलं काय कळतं?"

झालं! मी तोंड फिरवून बसले.

सरावाच्या दिवशी ह्यांनी टाकीत बेताचंच पेट्रोल घातलं. गाडी हलकी राहावी म्हणून शर्यतीला ते नेहमी तसंच करायचे. कार्बोरेटरच्या पोटात थोडं पेट्रोल साठलेलं असतं. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकलं तरी इंजिन तेवढ्यावर निभावून नेतं. इंजेक्शनच्या पंपाला तेवढी उसंत नसते. पेट्रोल सरकलं की तो हवा ओढतो, किंचाळतो आणि इंजिन बंद पडतं. म्हणून मध्ये एक छोटी, सतत भरलेली टाकी बसवावी लागते. जन्मभर कार्बोरेटरमध्ये हात घातलेल्या माणसाला ती सुचलीच नाही. हे सगळं मला नंतर ह्यांनीच समजावलं.

डॉक्टरीण गाडी घेऊन सुटली आणि लांबलचक वळणावर गाडी बंद पडली. मागून येणाऱ्या गाडीने कसंबसं तिला चुकवलं. डॉक्टरीण चालत परत आली, हेल्मेट हातात, आणि तडक ह्यांच्यासमोर येऊन कडाडली.

"काका, पंप केवढा ओरडत होता! तुम्ही गाडी फिरवून बघितली होतीत ना? तेव्हा ऐकलं नाहीत?"

पंपच खराब निघाला म्हणून सांगितलं असतं तर तिने मानलं असतं. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मला ऐकू आलं नाही," हे म्हणाले. "हल्ली येतच नाही. चूक माझी आहे. तुझ्या जिवावर बेतलं होतं."

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. तिने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड कानाशी नेलं आणि दात काढायला घाबरणाऱ्या पोराशी बोलावं तशी एकेक शब्द सुटा करून मोठ्यांदा म्हणाली, "काही... हरकत... नाही... काका! तुम्ही... आता... आराम करा! गाडी... मी... दुसरीकडे... दाखवते!"

खरं सांगते, मला रडू फुटलं. घरी मीसुद्धा ओरडते, पण मी भांडायला ओरडते आणि हे दुप्पट ओरडून उत्तर देतात. ही मायेने ओरडत होती, आणि हे तिच्या प्रत्येक शब्दाला मुकाट्याने मान हलवत होते.