व्हॅनिलाच्या वासाची हळद

मला भिजवलेल्या हळदीची किळस येते. वाटीतला तो पिवळा लगदा दिसला की मी तोंड फिरवते. हे मी घरी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि सांगणार तरी कोणत्या तोंडाने? आम्ही नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूचे, फुलं आणि भाजीपाला पिकवणारे. लग्नसराईत आमच्या अंगणात झेंडूचे ढीग पडलेले असतात. अशा घरातली मुलगी हळदीला नाक मुरडते म्हटल्यावर आत्याने आधी माझी दृष्टच काढली असती.

त्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा नाशिक रोडचा, साधा, बरा. बहिणीने फोनवर एकच अट घातली, "पहिली हळद तूच लावायची मला. तुझी सुट्टी कधी ते सांग, मग तारीख धरू." गुरुजींनी काढलेले दोन चांगले मुहूर्त तिने माझ्यासाठी सोडले. लहानपणी मीच तिच्या वेण्या घातल्या, मीच तिला शाळेत सोडलं. मलाही दुसरं काही नको होतं. तिला हळद लावायची, आणि ती लावताना शिसारी यायला नको, एवढंच.

मी स्पामध्ये काम करते. कॉलेज रोडवरच्या पार्लरमध्ये शिकले, मग आखातात गेले आणि आता समुद्रातल्या एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये आहे. आई लोकांना सांगते, "ती हॉटेल लाइनमध्ये आहे." मालिश हा शब्द तिच्या तोंडून निघत नाही. मला कामाची लाज नाही. दुखणारी मान मोकळी झाली की माणूस कसा श्वास सोडतो, ते ज्याने ऐकलंय त्याला कळेल. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती दुसऱ्याच गोष्टीने.

आमची मॅनेजर गोरी, गोड बोलणारी. दर हंगामात तिला मेन्यूत काहीतरी नवीन हवं असतं. एका मीटिंगमध्ये तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला, हळद लागलेल्या कुठल्यातरी नवरीचा. म्हणाली, "किती सुंदर! आणि आपल्याकडे भारतीय मुलगी आहेच." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तिने विचारलं, आधी कोणाला लावतात? मी सरळ उत्तर दिलं. आधी नवऱ्या मुलाला लागते, त्याची उरलेली हळद नवरीकडे जाते, तिला उष्टी हळद म्हणतात. बाईने टाळ्याच वाजवल्या. पंधरवड्यात जोडप्यांसाठीचं नवं पॅकेज तयार. शेजारशेजारच्या दोन खोल्या, पितळेच्या वाट्या, मधे मी.

पण खऱ्या हळदीने पांढरे टॉवेल पिवळे होतात. लाँड्रीवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात बोंब मारली. मग हळद गेली आणि बेसन आलं, त्यात खायचा पिवळा रंग, आणि वास हवा म्हणून व्हॅनिला! मला पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी केकचं पीठ आणून ठेवलंय. मी म्हटलं, "यात हळदच नाही." मॅनेजर म्हणाली, "पाहुण्यांना भावना महत्त्वाची."

भावना! नवरा म्हणवणारा तो पाहुणा पालथा पडलेला असायचा. उन्हात भाजून पाठीची सालं निघालेली. लेप लावला की ती सालं त्यात गोळा व्हायची, छातीचे केस चिकटायचे, आणि ते सगळं लाकडी पट्टीने खरवडून मी वाटीत घ्यायचं. मग ती वाटी दोन्ही हातांत धरून, मान झुकवून, शेजारच्या खोलीत त्याच्या बायकोकडे न्यायची. एकाच्या अंगाचं दुसऱ्याला लावायचं नाही, हा आमचाच स्वच्छतेचा नियम. म्हणून वाटेत पडद्यामागे ती घाण डब्यात ओतायची आणि बरणीतून नवं पीठ भरायचं. आणि बायकोला हळू आवाजात सांगायचं, "हे तुमच्या यजमानांकडून आलंय." बायका डोळे मिटायच्या. काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकीने बोट बुडवून चाटून बघितलं आणि म्हणाली, छान गोड आहे. शी! मला तेव्हाच उलटी झाली असती.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एका जोडप्याने लग्नाचा वाढदिवस म्हणून मित्रमंडळी जमवली आणि हा सगळा तमाशा किनाऱ्यावर उघड्यावर मांडला. मॅनेजरने कुठेतरी वाचलेलं त्यांना सांगितलं, की भारतात उरलेली हळद कुमारिकांना लावतात, म्हणजे त्यांचं लग्न लवकर जमतं. एका पाहुण्याने हातातला ग्लास न ठेवता मला विचारलं, "तुझं झालंय?" मी नाही म्हटलं. त्याने वाटीत पंजा बुडवला आणि माझ्या गालावरून मानेपर्यंत ओढला. इथे पीठ बदलायला पडदा नव्हता, वाटीत मघाशी खरवडलेलं सगळं तसंच होतं. सगळे टाळ्या वाजवायला लागले, फोन वर झाले. मॅनेजरने लांबून डोळ्यांनी खुणावलं, हस. मी हसले. हात जोडून नमस्कारसुद्धा केला.

कोणी म्हणेल, लग्नघरात करवल्यांच्या गालाला हळद लागतेच, त्यात एवढं काय? अहो, तिथे लावणारी आपली माणसं असतात. इथे तो माणूस माझं नावसुद्धा विचारायला थांबला नव्हता. स्टाफच्या बाथरूममध्ये मी साबणाने मान घासून घासून लाल केली, तरी केसांतून व्हॅनिला जाईना. दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे गेले तर ती म्हणाली, "अगं, त्यांनी तुझं भरभरून कौतुक केलंय." मी परत जाऊन बरणीत नवं पीठ भरलं. करार संपायला अवकाश होता आणि दुपारी तीनला पुढचं जोडपं होतं.

तर अशी मी, सुट्टी घेऊन घरी आले. घरी काय सगळं पवित्र होतं, असंही नाही. पोचल्या दिवशी चहा संपायच्या आत आत्याने माझ्यासमोर पाय पसरले. "तुझं ते परदेशातलं तेल आणलंय ना? माझ्या पोटऱ्या लय दुखत्यात बाई." मोठी काकू म्हणाली, तिच्या पोटऱ्या झाल्या की माझी मान. मी दोघींनाही दाबून दिलं. दोघीही डोळे मिटून "आई गं" करत होत्या. आणि संध्याकाळी त्याच आत्याने स्वयंपाकघरात आईला सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "पहिली हळद सवाष्णीनं लावायची असती. हिचं लगीन नाय, आन ही तिकडं कोणाकोणाच्या अंगाला हात लावती. शुभकार्याला असले हात नकोत." तळपायाची आग मस्तकात गेली माझी. दुपारी पोटऱ्यांना चालले ते हात! मी आत जाणार तेवढ्यात बहीण ओट्यापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, तारीख ताईच्या सुट्टीवर धरलीय. ती लावणार नसेल तर मी पाटावर बसतच नाही." आत्याने तोंड वाकडं केलं. आई भाकऱ्या थापत राहिली.

म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं. बहिणीने माझ्यासाठी घर अंगावर घेतलं होतं, आणि मला रात्री अंथरुणावर नुसती ती वाटी डोळ्यांसमोर आणूनसुद्धा मळमळत होतं.

हळदीच्या दिवशी नाशिक रोडहून उष्टी हळद स्टीलच्या डब्यात आली. मुलाचा मामा घेऊन आला होता, रिक्षात डबा मांडीवर धरून. मी झाकण उघडलं. व्हॅनिला नव्हता. तुरट, मातीसारखा ओला वास होता, हळकुंड दळल्याचा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, जमेल आपल्याला. बहीण पाटावर बसली होती, पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या. माझ्याकडे बघून हसली. बायका गाणं म्हणायला लागल्या. मी डब्यात हात घातला.

पायांपासून सुरुवात केली, मग गुडघे, मग हात. लेप तळव्यांत कोमट करून घेतला. खालून वर, लांब, एकसारखा. पदर सरकला तर शेजारचा टॉवेल उचलून खांदा झाकला आणि कडा नीट आत खोचली. आमच्या शिकवणीत पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नसतं, नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे ठेवायची. माझी नजर समोरच्या झेंडूच्या क्रेटवर होती. बेटावर मी असंच करायचे, हात कामाला ठेवून आपण तिथून निघून जायचं. नाहीतर तो एक एक तास गेलाच नसता.

खांद्यांवरून गालांपर्यंत आले आणि माझ्या तोंडून, इंग्रजीत, त्याच मऊ आवाजात निघालं, "मॅडम, जोर ठीक आहे ना?"

गाणं मधेच तुटलं आणि सगळ्या खो खो हसायला लागल्या. आत्या तर पोट धरून हसली. "अगं बाई, बहिणीला मॅडम म्हणती!" म्हणाली.

बहीण हसली नाही. तिने माझं मनगट धरलं. "ताई," ती हळू म्हणाली, "मी आहे. इकडे बघ ना."

मी बघितलं. दोन्ही गालांवर हळद लागलेली होती, अगदी सारखी, एक थेंब इकडचा तिकडे नाही. पाय, हात, खांदे, गळा, सगळं झालं होतं. डब्याचा तळ दिसत होता. मला शिसारी आली नव्हती. दुसरंही काहीच वाटलं नव्हतं. जी हळद लावायची इच्छा मी मनात जपली होती, ती लावून झाली होती आणि तिच्या अंगाचा स्पर्श मला आठवत नव्हता.

"परत लावू का?" मी विचारलं.

"पहिली एकदाच असते गं," मागून काकू म्हणाली. "चल, सरक आता. बाकीच्यांना लावू दे."

मी सरकले.